हॅमर, अश्म आणि अस्मान : वाचकांचे प्रश्न

यावेळी अवजारांच्या नावांवर एकदम चार प्रश्न आलेत आणि ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की वेगवेगळ्या अंकांत वाटून टाकायला मन होईना, म्हणून सगळे इथेच घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तो विषयच तसा आहे, थोडक्यात सांगितला तर त्यातली सगळी गंमत जाईल.

प्रश्न : मी जर्मन शिकतेय. हातोडीला इंग्लिशमध्ये हॅमर, जर्मनमध्ये हामर, डचमध्येही हामरच. पण पाणी, दात, दहा असे रोजचे शब्द मात्र इंग्लिश आणि जर्मनमध्ये चांगलेच बदलतात. मग हातोडीच तेवढी सारखी कशी राहिली? एकाने दुसऱ्याकडून उचलला का हा शब्द?

उचलला कोणीच नाही, सगळ्यांना तो वारशात मिळालाय. इंग्लिश, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्या एका घरातल्या भाषा, त्यांना जर्मानिक भाषा म्हणतात, आणि इसवीसनपूर्व ५०० च्या आसपास स्कँडिनेव्हियाचा दक्षिण भाग आणि उत्तर जर्मनी या पट्ट्यात त्यांची जी आई बोलली जायची तिच्यात हा शब्द साधारण 'हमरझ' असा होता. आता हे रूप कुठे लिहून ठेवलेलं सापडलेलं नाही, लेकींचे चेहरे शेजारी ठेवून आईचा चेहरा काढावा तसं अभ्यासकांनी ते काढलंय. लेकी म्हणजे जुनं इंग्लिश 'हामोर', जुनं जर्मन 'हमर', जुनं नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) 'हमर्र', आजचं आइसलँडिक 'हामार', आजचं स्वीडिश 'हाम्मारे'.

सारखा का राहिला याचं उत्तर तुमच्याच उदाहरणांत आहे. वॉटर-वासर, टूथ-त्सान, टेन-त्सेन, यात बदललंय काय तर ट. जर्मनच्या दक्षिणेकडच्या बोलींमध्ये सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास प, ट, क या आवाजांची मोठी उलथापालथ झाली, ट चा कुठे त्स झाला कुठे स, प चा फ झाला (शिप-शिफ), आणि आजचं प्रमाण जर्मन त्याच बोलींवर उभं आहे. हॅमरमध्ये व्यंजनं कोणती बघा : ह, म, र. एकही या लफड्यातलं नाही! त्यामुळे आजूबाजूचे शब्द बदलत गेले आणि हा आपला जागच्या जागी. लोहाराचंच दुसरं अवजार घ्या, इंग्लिश टाँग्ज म्हणजे चिमटा, जर्मनमध्ये तो 'त्सांगे' झालाय, कारण त्याच्या सुरुवातीला ट आहे.

आणि टाँग्ज निघालंच आहे तर हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या शब्दाचं मूळ 'चावणं' या अर्थाच्या धातूत आहे, संस्कृतमध्ये तोच धातू 'दंश्'. संस्कृतमध्ये चिमट्याला 'संदंश' म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी चावणारा, आणि त्या संदंशाची झिजून झिजून झाली सांडशी. म्हणजे टाँग्ज आणि सांडशी, दोन्हींच्या पोटात तोच दंश आहे, आणि दोन्हीकडे वस्तू पण तीच.

आता मूळ मुद्दा, हॅमर म्हणजे आधी काय होतं. जुन्या नॉर्समध्ये हमर्र या शब्दाचे दोन अर्थ होते, एक हातोडा आणि दुसरा खडकाळ कडा, सरळसोट उभा कातळ. आइसलँडिकमध्ये आजही दोन्ही अर्थ चालतात. नॉर्वेचा नकाशा उघडलात तर हामर नावाचं शहर दिसेल, लिलेहामर दिसेल (१९९४ ची हिवाळी ऑलिंपिक झाली ते, नावाचा अर्थ छोटं हामर), अगदी उत्तरेला हामरफेस्ट दिसेल, म्हणजे कड्याखालची होड्या बांधायची जागा. यातल्या एकाही नावात हातोडा नाहीये, सगळीकडे खडक आहे. उलट जर्मनीत ज्या गावांच्या नावात हामर येतं तिथे बहुतेक वेळा खरोखरचा हातोडा असतो, पाण्याच्या चाकावर चालणारे प्रचंड हातोडे लावून लोखंड ठोकायचे कारखाने तिथे होते त्यावरून ती नावं पडली. शब्द तोच, पण एका देशाच्या नकाशावर त्याचा जुना अर्थ उमटलाय आणि दुसऱ्याच्या नकाशावर नवा.

इंग्लिशमध्ये तर खडकाचा अर्थ फार लवकर पुसला गेला. बेओवुल्फ या जुन्या इंग्लिश महाकाव्यात तलवारीला 'हातोड्यांनी मागे ठेवलेलं' अशा अर्थाचं नाव दिलंय, म्हणजे ठोकून ठोकून शेवटी जे उरलं ते. मला हे वर्णन अतिशय आवडतं. पण त्यातून हेही कळतं की तोवर हॅमर पूर्णपणे लोहाराचा झाला होता, दगडाशी त्याचं काही नातं होतं हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार.

मग खडक आणि हातोडा एका शब्दात आले कसे? तर बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हा शब्द त्याहून जुन्या, इंडो-युरोपियन घराण्याच्या मूळ भाषेतल्या 'दगड' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, आणि तो शब्द आपल्याला परका नाही. संस्कृतमधला अश्मन्. आपण रोज वापरतो तो, अश्मयुग, जीवाश्म, आयुर्वेदात मुतखड्याला अश्मरी म्हणतात ती, सगळीकडे तोच दगड.

अश्म आणि हॅमर कानाला अजिबात जवळचे वाटत नाहीत, मान्य आहे. पण श आणि ह ची ही जोडी एकटीदुकटी नाहीये. शत म्हणजे इंग्लिशमध्ये हंड्रेड, श्वान म्हणजे हाउंड, शृंग म्हणजे हॉर्न, जिथे आपल्याकडे श तिथे जर्मानिकमध्ये ह, आणि लॅटिनमध्ये बघाल तर त्याच जागी क मिळतो, केंटुम, कानिस, कोर्नू. मुळात एक क सारखा आवाज होता, तो आपल्याकडे येताना श झाला आणि जर्मानिकमध्ये ह झाला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये अशा जोड्या मांडल्या आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये त्याचा पद्धतशीर नियम केला. हा ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांमधला थोरला.

याच दगडाची बाकीची भावंडं पण बघून घ्या. लिथुआनियनमध्ये 'अकमुओ' म्हणजे दगड, आणि तिथेच 'अश्मेनीस' म्हणजे पात्याची धार. रशियनमध्ये 'कामेन' म्हणजे दगड. ग्रीकमध्ये 'अक्मोन' म्हणजे मात्र ऐरण! म्हणजे एकाच दगडाचा एका घरात हातोडा झाला आणि दुसऱ्या घरात ज्यावर तो पडतो ती ऐरण झाली.

आणि इराणी बाजूला अजून वेगळंच घडलंय. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत 'अस्मन' म्हणजे दगड पण आणि आकाश पण, जुन्या पर्शियनमध्ये 'अस्मान' म्हणजे आकाश, नक्श-ए-रुस्तममधल्या दारियस राजाच्या शिलालेखात 'ज्याने ते अस्मान घडवलं' तो अहुरमज्द असं चक्क कोरलंय. आकाश म्हणजे वर टेकवलेला दगडी घुमट अशी त्या लोकांची कल्पना असणार असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे फारसीतून तोच शब्द आपल्याकडे आला, अस्मानी संकट म्हणतो, एखाद्याला अस्मान दाखवलं म्हणतो, त्यातलं अस्मान. म्हणजे मराठीत हा शब्द दोन दारांनी आत आलाय, संस्कृतातून अश्म होऊन आणि फारसीतून अस्मान होऊन, एक पायाखाली आणि एक डोक्यावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

एक अडचण आहे ती पण सांगायला हवी, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. अश्म, अकमुओ, अक्मोन हे सगळे स्वराने सुरू होतात, आणि हॅमर (तसाच रशियन कामेन) व्यंजनाने. म्हणजे जर्मानिक आणि स्लाव्हिककडे येताना पहिल्या दोन आवाजांनी जागा बदलली असं मानावं लागतं. काही अभ्यासक नेमकं यावरच बोट ठेवतात आणि म्हणतात की हे नातं पक्कं धरू नका. पण आवाजांनी जागा बदलणं, वर्णविपर्यय म्हणतात त्याला, ही जगातल्या कुठल्याही भाषेतली रोजची घटना आहे, नुकसानचं नुस्कान होतं, मतलबचं मतबल होतं, आज इंग्लिशमध्ये जो बर्ड आहे तो जुन्या इंग्लिशमध्ये ब्रिड होता. त्यात नॉर्समध्ये हातोडा आणि खडक हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी जिवंत आहेतच. माझं वजन तरी नातं आहे या बाजूला.

शिवाय गोष्टी बघा. नॉर्स लोकांचा थोर हा देव, मेघगर्जनेचा देव, हातात हातोडा. ऋग्वेदातला इंद्र, त्याच्या हातात वज्र, पण दुसऱ्या मंडलात त्याला केलेली विनवणी आहे 'अव क्षिप दिवो अश्मानमुच्चा', आकाशातून तो अश्मा खाली फेक, म्हणजे तिथे शस्त्राला सरळ दगडच म्हटलंय. युरोपात तर अगदी अलीकडच्या काळापर्यंत शेतात अश्मयुगातली दगडी कुऱ्हाड सापडली की लोक ती विजेबरोबर पडली असं समजून घरात जपून ठेवायचे. दगड, वीज आणि हातोडा हे त्रिकूट फार जुनं आहे.

थोरच्या हातोडीची छोटी लॉकेटं व्हायकिंग काळातल्या लोकांच्या गळ्यात असायची, उत्खननांत भरपूर सापडलीत, पण २०१४ मध्ये डेन्मार्कच्या लोलान बेटावर एक दहाव्या शतकातलं असं सापडलं की ज्यावर रून लिपीत लिहिलंय 'हा हातोडा आहे'. बास, एवढंच! तोवर काही लोक शंका काढायचे की ती लॉकेटं खरंच हातोड्याची आहेत ना. आणि कोरणाऱ्याने हमर लिहिताना पहिला स्वरच गाळलाय, 'ह्मर' असं कोरलंय. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी एवढ्याशा कांशाच्या तुकड्यावर वाकून अक्षरं काढत होता आणि त्यातलं एक राहून गेलं, ते वाचताना तो माणूस अगदी समोर बसलाय असं वाटतं.

प्रश्न : हॅमर सारखा आहे हे ठीक, पण मग सुरीला इंग्लिशमध्ये नाइफ आणि जर्मनमध्ये मेसर कसं? सुरी तर हातोडीपेक्षाही जास्त लागते.

जास्त लागते म्हणूनच सुरीची नावं बदलत राहिली असावीत असं मला वाटतं. जर्मन मेसर हा खरा दोन शब्दांचा जोड आहे, पण इतका घासला गेलाय की सांधा दिसतच नाही. 'मती' म्हणजे खाणं आणि 'सह्स' म्हणजे सुरी, जुन्या जर्मनमध्ये 'मेत्सिसह्स', म्हणजे जेवणाची सुरी. मग मधल्या स चा र झाला, शेवट गळून गेला, राहिलं मेसर. गंमत अशी की यातलं सुरी म्हणणारं अक्षर जवळजवळ सगळं उडालंय आणि खाणं म्हणणारा भाग तेवढा उरलाय. डचमध्ये तर आणखी आखूड, नुसतं 'मेस'. तो 'मती' म्हणजेच इंग्लिश मीट, जुन्या इंग्लिशमध्ये मीट म्हणजे कुठलंही अन्न, मांसापुरता अर्थ नंतर आकसला. जुन्या इंग्लिशमध्येही 'मेतेसेआक्स' हा जोडशब्द होता.

मग तो गेला कुठे? इंग्लंडमध्ये व्हायकिंग आले, वस्ती करून राहिले आणि त्यांचा 'क्नीफर' हा शब्द रुजला, त्याचं आजचं रूप नाइफ. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो क दिसतो तो पूर्वी उच्चारायचे, इंग्लिशने नंतर तो सोडला, स्वीडिश-डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये 'क्नीव' म्हणताना आजही स्पष्ट ऐकू येतो. फ्रेंचमधला 'कानीफ' म्हणजे खिशातला चाकू, तोही याच जर्मानिक घरातून गेलेला.

सह्स किंवा सेआक्स हा एकधारी लांब सुरा होता आणि सॅक्सन लोकांचं नाव त्यावरूनच पडलं असं समजतात. एसेक्स, ससेक्स, वेसेक्स या नावांत तेच सॅक्सन आहेत, एसेक्स काउंटीच्या चिन्हावर तर तीन सेआक्स काढलेले आहेत. म्हणजे सुरी म्हणून तो शब्द बाद झाला पण नकाशावर पक्का बसला. त्याचा मूळ धातू 'कापणं' या अर्थाचा, त्यातूनच इंग्लिश सॉ आणि जर्मन 'झेगे' आले, म्हणजे करवत. आपल्या करवतीत मात्र कापणं नाही, करपत्र, कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पातं. हातोड्यातही हात आहेच. आपल्याकडे या दोन अवजारांनी धरणाऱ्या हाताची आठवण ठेवली.

प्रश्न : स्लेजहॅमर म्हणजे घण. यातलं स्लेज म्हणजे बर्फावरून ओढायची ती गाडी का? जड म्हणून गाडीवर घालून न्यायचे की काय?

नाही, गाडीचा काही संबंध नाही. दोन वेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे दिसायला लागलेत. गाडीचं स्लेज डचमधून आलं आणि त्याचं नातं घसरण्याशी, स्लाइडशी आहे. घणाचं स्लेज जुन्या इंग्लिशमधल्या 'स्लेज' या स्वतंत्र शब्दातून, ज्याचा अर्थच मोठा घण असा होता, स्वीडिशमध्ये आजही घणाला 'स्लेगा' म्हणतात. मूळ धातू मारणं, घाव घालणं, जर्मन 'श्लागन' तोच, इंग्लिश स्ले म्हणजे ठार मारणं तोच. म्हणजे स्लेजहॅमर म्हणताना आपण घण-हातोडा असं एकच दोनदा म्हणतो, जुना शब्द लोकांना कळेनासा झाला तेव्हा मागे हॅमर जोडून समजावून सांगितलं. आपला घण पण याच वळणाचा आहे, संस्कृत घन, आणि तो हन् म्हणजे मारणं या धातूतला. धातू वेगळे, पण विचार दोन्हीकडे एकच झालाय, जो घाव घालतो तो घण.

तसाच अजून एक फसवा शब्द, यलोहॅमर नावाचा युरोपातला पिवळा पक्षी. त्यात हातोडा अजिबात नाही, जर्मनमध्ये त्याला 'गोल्डआमर' म्हणतात, आमर हे त्या पक्ष्यांचं नाव, इंग्लिशमध्ये त्याला पुढे उगाच ह चिकटला.

प्रश्न : फिनलंड तर स्वीडनच्या शेजारी. तिथे हातोड्याला 'वसरा' म्हणतात असं वाचलं. मग हामर तिथे पोचलाच नाही का?

पोचला, आणि फार जुन्या काळी पोचला. फिनिश ही जर्मानिक नाही, इंडो-युरोपियनसुद्धा नाही, पण शेजारच्यांकडून घेतलेले शब्द तिने लोणच्यासारखे मुरवून जसेच्या तसे जपलेत. राजाला फिनिशमध्ये 'कुनिंगस' म्हणतात, इंग्लिश किंगच्या मूळ रूपाचा जो शेवट बाकी सगळ्यांनी टाकून दिला तो फिनिशमध्ये अजून आहे. तसाच 'हमरा' हा शब्द तिथे आहे, पण अर्थ आहे कुऱ्हाडीचा बोथट भाग, धारेच्या उलट बाजूचा, ज्याने खुंटी ठोकतात तो. जुन्या नॉर्समध्येही हमर्रचा हा तिसरा अर्थ होता, मघाशी सांगायचा राहिला. (आणि जर्मनीला फिनिशमध्ये 'साक्सा' म्हणतात, म्हणजे वरच्या प्रश्नातल्या त्या सुऱ्यावरूनच.)

हमरा कुऱ्हाडीपुरता राहिला कारण हातोड्यासाठी त्यांच्याकडे वसरा आधीच होता, आणि तो आलाय दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांतल्या इंडो-इराणी बोलणाऱ्या लोकांकडून, साधारण चार हजार वर्षांपूर्वी, जेव्हा संस्कृत आणि अवेस्ता या वेगळ्या भाषा झालेल्याच नव्हत्या. फिनिशमध्ये शंभरला 'सता' म्हणतात, ते आपलं शत, तेही त्याच देवघेवीतलं. आणि वसरा म्हणजे वज्र. तोच, इंद्राच्या हातातला. फिनलंडमध्ये सुतार खिळा ठोकायला जे उचलतो त्याचं नाव वज्र आहे! इराणी बाजूला याच वज्राचं अवेस्तात 'वझ्र' झालं, मग आवाजांनी पुन्हा जागा बदलल्या, 'वर्झ' झालं, त्याचं फारसीत गुर्ज झालं, आणि जुन्या लढायांच्या वर्णनांत आपण ढाल-तलवारीबरोबर ज्या गुर्जाचं नाव वाचतो तो हाच.